धूमकेतू बघायला पाबे घाट, सुपरनोव्हासाठी घोडेगाव

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू बघायला आम्ही पाबे घाटात गेलो होतो, त्यानंतर ‘पुण्याजवळ अंधार कुठे मिळेल’ हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की एकदाच सगळं लिहून टाकतो. खरं तर प्रश्नच थोडा बदलायला हवा. अंधार कुठे यापेक्षा तुम्हाला बघायचंय ते कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा, कारण पुण्याच्या दिव्यांचा पिवळट उजेड पन्नास किलोमीटरवरूनसुद्धा क्षितिजावर दिसतो आणि तो पाठीमागे राहायला हवा.

हा धूमकेतू २७ सप्टेंबरला सूर्याच्या सगळ्यात जवळ होता, तेव्हा तो पहाटे पूर्वेला दिसायचा, म्हणून यवतजवळचं भुलेश्वर बेस्ट. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून साधारण ७ कोटी किलोमीटरवर आला आणि मग संध्याकाळी पश्चिमेला दिसायला लागला, आता तेच भुलेश्वर बाद, कारण तिथून पश्चिमेला बरोबर पुणं. म्हणून आम्ही खडकवासला, डोणजे, खानापूर करत पाबे घाट धरला. कोजागिरीच्या दिवशी जाण्यात अर्थ नव्हता, चंद्र सगळं धुऊन टाकतो, पण पौर्णिमेनंतर तीन-चार दिवस थांबलं की चंद्र उशिरा उगवतो आणि संधिप्रकाश संपल्यावर तासभर तरी काळोख मिळतो.

रविवारी जाणार असाल तर दुपारी साडेतीनलाच निघा, खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी आणि कणसं खाणाऱ्यांची गर्दी इतकी असते की सूर्यास्त तिथेच गाडीत बसून बघाल.

घाटात पश्चिम मोकळी दिसेल अशा वळणावर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावली. खाली डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती, आणि दोघांच्या मधोमध पण बरंच वर बायनॉक्युलर (साधी १०×५०) फिरवली की सापडला! डोकं गोल, धूसर, आणि शेपूट म्हणजे पाटीवरचा खडू बोटाने पुसल्यासारखी, वर वर विरत गेलेली. डोळ्यांनी दिसायला अजून दहा मिनिटं लागली, आणि तेही थेट त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघितल्यावर. एक आजोबा म्हशी घेऊन घरी चालले होते, ते थांबून म्हणाले, “शेंडेनक्षत्र आलंय व्हय? दावा की.” बायनॉक्युलर दिली तर परत द्यायलाच तयार नव्हते 😄

मोबाईलवर फोटो येतो, पण छोटा ट्रायपॉड, नाइट मोड आणि टायमर लावूनच, हातात धरून काढाल तर नुसता काळा चौकोन. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. येताना घाट उतरून वेल्ह्याहून नसरापूरमार्गे हायवेला लागा, वाट जरा लांबची पण रात्री बरी.

सुपरनोव्हाचं, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेल्या ताऱ्याचं, गणित वेगळं. मे २०२३ मध्ये एम१०१ दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक) एसएन २०२३आयएक्सएफ नावाचा सुपरनोव्हा दिसला, जपानच्या कोइची इतागाकींनी १९ मेला शोधला, अंतर साधारण २.१ कोटी प्रकाशवर्षं, तेजस्विता अकराच्या आसपास (हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). म्हणजे डोळ्यांनी विसराच, बायनॉक्युलरनेही नाही, आमच्या एका मित्राची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण होती म्हणून जमलं. एम१०१ सप्तर्षींच्या शेपटीजवळ, वसिष्ठ आणि मरीची धरून त्रिकोण केला की तिसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे उत्तर दिशा, म्हणजे पुण्याच्या उत्तरेला जायचं, मंचर सोडून घोडेगावच्या बाजूला. आयुका या पुण्यातल्या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटरची दुर्बीण तिथेच गिरवलीला आहे (गेटवर जाऊन आत सोडतील असं समजू नका). गंमत म्हणजे दीर्घिका जेमतेम एक धुरकट डाग दिसत होती आणि तिच्यातला फुटलेला एकटा तारा मात्र टोकदार, स्पष्ट. तो कुठला ते ओळखायला चार्ट छापूनच न्या, आजूबाजूला आपल्याच आकाशगंगेतले तारे असतात आणि वाद तिथेच होतात.

मे महिन्यात जायचं, पण जून लागायच्या आत उरकायचं, नंतर ढग. आणि जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात उसाच्या फडाला लागून अजिबात थांबू नका, बिबटे आहेत, मोकळं माळरान बघा, जागामालकाला विचारा, एकटे जाऊ नका. दुर्बीण नसेल तर टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, १९४४ पासूनची, तिथल्या लोकांसोबत आधी एकदा आकाश बघून या आणि मगच दुर्बीण विकत घ्यायचं ठरवा.