थ्रीडीने शिणलेले डोळे ईईजीत कसे शोधायचे

थ्रीडी पडद्यासमोर बसलं की डोळ्यांना एकाच वेळी दोन हुकूम सुटतात. वस्तू पुढे आलेली दिसते म्हणून दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. पण प्रकाश येतो पडद्यावरूनच, त्यामुळे फोकस पडद्यावर धरून ठेवावा लागतो. एरवी जोडीने चालणारी ही कामं इथे एकमेकांशी भांडतात. डोळे शिणण्यामागे हे भांडण आहे, हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मार्टिन बँक्स यांच्या गटाने २००८ साली प्रयोगाने दाखवलं.

मग सरळ विचारावं की, डोळे दुखतात का? विचारतातच. त्यासाठी १६ लक्षणांची, प्रत्येकाला ० ते ३ गुण देणारी एसएसक्यू (सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली आहे. पण ती पाहणं संपल्यावर भरायची, आणि दर मिनिटाला विचारत बसलं तर माणूस डोळ्यांकडेच लक्ष देऊ लागतो. म्हणून ईईजी, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरी. सिग्नल मिळवणं फार अवघड नाही. तो शिणाचाच आहे, झोपेचा, कपाळाच्या स्नायूंचा किंवा चष्म्याचा नाही, हे सिद्ध करताना घाम फुटतो.

आधी चित्र. पडदा ६० सेंमीवर, बुबुळांमधलं अंतर ६३ मिमी. वस्तू ५४ सेंमीवर दिसायला हवी तर डाव्या-उजव्या प्रतिमेत ६३ × ६ ÷ ५४, म्हणजे ७ मिमी फरक लागतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण ०.२७७ मिमीचा, म्हणून २५ पिक्सेल. डोळ्यांच्या कोनातला फरक ०.६७ अंश, फोकसमधला ०.१९ डायॉप्टर (फोकस मोजायचं एकक). ही झाली सोसवणारी स्थिती. वस्तू ४० सेंमीवर आणली की फरक ३१.५ मिमी, ११४ पिक्सेल, कोनात ३ अंश आणि ०.८३ डायॉप्टर. साधारण एक अंशाची मर्यादा पाळावी असा संकेत आहे, म्हणजे ही स्थिती नक्कीच त्रासाची. बुबुळांतलं अंतर प्रत्येकाचं मोजूनच घ्या. वस्तू पडद्यामागे दाखवताना प्रतिमांतला फरक त्या अंतरापेक्षा जास्त झाला, तर डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात. तिथे शीण मोजायचा प्रश्नच उरत नाही, चित्रं सरळ दोन दिसतात.

साधा चेंडू पुढे आणला तर तो मोठाही होतो आणि मेंदू आकारालाच प्रतिसाद देतो. त्यावर उतारा म्हणजे बेला युलेश यांनी १९६० मध्ये मांडलेली ठिपक्यांची चित्रं. एका डोळ्याने पाहिलं तर नुसता कचरा, दोन्हींनी पाहिलं की खोली उमटते. ठिपके सतत बदलते ठेवा, नाहीतर सरकण्याची चाहूल एका डोळ्यालाही लागते. सहभागी व्यक्तीला खोली दिसते का, हे टीएनओ किंवा रँडॉट चाचणीने आधीच तपासा. काहींना ती मुळीच दिसत नाही. चाळिशी लागलेल्यांचा गट वेगळा ठेवा, कारण त्यांच्या डोळ्यांचा फोकस तसाही फारसा हलत नाही.

आता इलेक्ट्रोडची टोपी. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरा. अंतर ३६ सेंमी भरलं तर उंचवट्यापासून ३.६ सेंमी वर ओझेड, म्हणजे दृष्टीच्या भागावरचा मधला इलेक्ट्रोड. त्याच्या दोन्ही बाजूंना ओ१ आणि ओ२, वर पीझेड. इलेक्ट्रोडखाली वीजवाहक जेल भरून त्वचेशी असलेला रोध ५ किलोओहमच्या खाली आणायचा. आपल्याकडे यात पहिला अडथळा खोबरेल तेलाचा. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवून, तेल न लावता यायला सांगा. फोनवर सांगितलेलं निम्मे लोक विसरतात, मेसेज पाठवा.

व्हीआर हेडसेट वापरणार असाल तर मागचा पट्टा नेमका ओझेडवर दाबतो. जिथून सिग्नल हवा तिथेच इलेक्ट्रोड हलणार! भार डोक्यावरच्या पट्ट्यावर घ्या आणि मागचा पट्टा उंचवट्याच्या खाली उतरवा. शटरचा, म्हणजे दोन्ही डोळे आळीपाळीने झाकणारा चष्मा असेल तर गोम निराळी. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक डोळ्यासमोर ६० हर्ट्झने उघडझाप होते आणि ती मागच्या इलेक्ट्रोडवर उमटू शकते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तेवढीच वारंवारता गाळणारा नेहमीचा ५० चा नॉच फिल्टर त्या उघडझापीला हातही लावत नाही. पोलराइज्ड चष्म्यात ही भानगड नाही. मात्र एकाआड एक ओळी डाव्या-उजव्या डोळ्याला वाटून देणाऱ्या पडद्यावर उभं रेझोल्यूशन निम्मं होतं.

चित्र कधी उमटलं ते सॉफ्टवेअरला विचारू नका. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन झळकवा, त्यावर फोटोडायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर चिकटवा. १२० हर्ट्झला एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची असते. दोन-तीन फ्रेम मागेपुढे झाल्या तरी चित्रानंतर १०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारं मेंदूच्या प्रतिसादाचं शिखर सरासरीत पसरट होतं.

डोळ्यांच्या हालचालीत बरेच जण फसतात. डाव्या आणि उजव्या कानशिलाकडच्या कोपऱ्यांत एकेक इलेक्ट्रोड लावून वजाबाकी घ्यायची ही रूढ पद्धत डोळे डावीउजवीकडे फिरले की छान चालते. पण थ्रीडीत दोन्ही डोळे आत वळतात, आणि या जोडणीत दोघांचे सिग्नल एकमेकांना बरेचसे खोडतात. नोंद सपाट आली म्हणून हालचाल झालीच नाही असं समजू नका. प्रत्येक डोळ्याचा इलेक्ट्रोड नाकाच्या मुळाशी स्वतंत्र जोडा.

नंतर वाचताना संशय धरा. अल्फा, म्हणजे ८ ते १३ हर्ट्झच्या लहरींचा पट्टा, वाढला की शीण आला असं लिहायचा मोह होतो. कंटाळा आला किंवा झापड आली तरी अल्फा वाढतो. म्हणून तीच चित्रं, तोच वेळ, तोच चष्मा ठेवून खोली शून्य केलेली फेरी हवीच. बीटा, म्हणजे अल्फाहून वेगवान लहरींचा पट्टा, वाढला तर आधी कपाळ पाहा, डोळे बारीक केल्यावर तिथले स्नायू त्याच पट्ट्यात बोलतात.

फ्रान्समधल्या बोर्दोच्या इन्रिया या संगणक संशोधन संस्थेतल्या जेरेमी फ्रे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सोसवणारी आणि त्रासाची स्थिती ईईजीवरून एका सेकंदात ओळखून दाखवली. सरासरी ६३ टक्के वेळा बरोबर, सर्वोत्तम ७६. सलग सात बदल एकत्र धरले की सरासरी ७४. आकडे लहान वाटतील, पण ९५ टक्के सांगणाऱ्या निकालांपेक्षा ते मला जास्त विश्वासाचे वाटतात. एकूण ८० चाचण्या असतील तर नुसत्या नाणेफेकीच्या वर आहोत म्हणायला सुमारे ६० टक्के लागतात. आणि आधी सगळ्या सोसवणाऱ्या, मग सगळ्या त्रासाच्या असा क्रम ठेवून नंतर चाचण्या पिसल्या, तर वर्गीकरण शीण ओळखत नाही. जेल सुकल्याचं ओळखतं.

सत्र संपल्यावर जेल पुसून लगेच स्कूटरवर बसू देऊ नका. पंधरा मिनिटं खिडकीतून लांब पाहायला लावा, आणि मग विचारा, सगळं एकच दिसतंय ना?