दहा मिनिटांसाठी सोया मेणबत्ती लावू नका

तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावायचं, तूप संपलं की ते आपलं आपण शांत होतं. त्याच सवयीने लोक सोया मेणबत्तीही दहा-पंधरा मिनिटं लावतात आणि फुंकर मारतात. मग दोनशे ग्रॅमच्या महागड्या मेणबत्तीतलं बरंचसं मेण काचेला चिकटलेलंच राहतं आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो.

सोया मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. डालडा ज्या वाटेने बनतो तीच वाट, फक्त आणखी घट्ट. काचेत ओतायचं सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला वितळतं. नेहमीच्या पॅराफिनच्या मेणबत्तीपेक्षा ते मऊ असतं. त्याच्या निम्म्याअधिक खोड्या या मऊपणातून येतात.

पहिल्यांदा लावाल तेव्हा वितळलेलं मेण चहूबाजूंनी काचेच्या कडेला टेकेपर्यंत विझवायची नाही. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास धरायचा, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासला तीन तास. तेवढा वेळ घरात थांबणार नसाल तर त्या दिवशी लावूच नका. मध्येच विझवली की वातीभोवती खड्डा आणि कडेला मेणाची भिंत उरते. पुढच्या वेळी ज्योत त्या खड्ड्यातच खाली उतरते, भिंत वितळत नाही, आणि विहीर खोल होता होता एक दिवस वात स्वतःच्याच मेणात बुडते. वरची मर्यादा चार तासांची. त्यापुढे काच फार तापते आणि वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो. विझवल्यावर मेण पूर्ण गोठेपर्यंत, निदान दोन तास, पुन्हा लावायची नाही आणि जागची हलवायचीही नाही.

विहीर पडलीच असेल तर पोळ्या गुंडाळायची फॉइल कामाला येते. ग्लासच्या तोंडावर ती टोपीसारखी बसवा, मधोमध तीनेक सेंटिमीटरचं भोक ठेवा आणि समोर बसून तासभर जळू द्या. उष्णता आत कोंडते आणि कडेचं मेण खाली येतं. फॉइल सांडशीने काढा, कारण ती चांगलीच तापलेली असते. वात बुडाली असेल तर आधी मेणबत्ती विझवून थोडं पातळ मेण टिश्यूने टिपून घ्या.

निरांजनाची वात आपण पुढे सारतो, इथे उलट. दर वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापायची. लांब वातीची ज्योत उंच होते, तिला लागणारं मेण नीट जळत नाही आणि न जळलेला कार्बन काचेवर काळा बसतो. ‘सोयाला काजळी धरतच नाही’ हे जाहिरातीतलं वाक्य आहे. वात लांब ठेवली की सोयाही काच काळी करतो. उथळ ग्लासात नेलकटर पुरतो, खोल ग्लासात लांब निमुळती कात्री हवी. कापलेला तुकडा किंवा काडीपेटीची काडी मेणात पडू देऊ नका, ती दुसरी वात होऊन पेटते. वर सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी, कॉफीच्या बिया रोवलेल्या मेणबत्त्या दिवाळीत भेट म्हणून फार येतात. फोटोपुरत्या ठीक, लावायच्या तर आधी ते सगळं चिमट्याने उपटून काढा.

पुण्यातल्या घरांत मेणबत्तीचा खरा वैरी म्हणजे छताचा पंखा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, काच तिथेच तापते आणि काळी होते, मेणही तिरकं जळतं. पंखा बंद करा किंवा मेणबत्ती त्याच्या झोतापासून दूर कोपऱ्यात न्या. पण खोली गच्च बंद करू नका, एखादी खिडकी किलकिली असू द्या. गॅस गीझरच्या बंद बाथरूममध्ये तर मुळीच नको. तिथे आधीच हवा कमी असते.

खाली स्टीलची किंवा पितळी ताटली हवी. तापलेली काच ओल्या किंवा गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकली की तडकू शकते. पडदा, मच्छरदाणी, कागदी आकाशकंदील निदान फूटभर लांब असावेत, आणि वर फळी असलेल्या कपाटात मेणबत्ती ठेवू नये. डासांचा स्प्रे पेटत्या ज्योतीजवळ मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. करवंटीतल्या मेणबत्त्या दिसायला छान, पण करवंटी स्वतः जळणारी वस्तू आहे. चकाकी न दिलेली मातीची पणतीही मेण शोषून घेते आणि खालचं लाकूड तेलकट करते.

विझवताना फुंकर मारली तर धूर होतो आणि पातळ मेण उडतं. झाकण ठेवा, किंवा चिमट्याने वात मेणात बुडवून लगेच सरळ उभी करा. ज्योत भडकली तर पाणी अजिबात नको. तापलेल्या मेणावर पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण भोवती उडतं. ग्लासच्या तोंडावर ताटली झाकायची. आग पडद्यापर्यंत गेलीच तर घराबाहेर पडून १०१ किंवा ११२.

पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी नव्हे. सोया मेणाचे स्फटिक तसे बनतात आणि जळण्यावर त्याचा परिणाम होत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० च्या आसपास गेला की मेण मऊ पडतं आणि वर सुगंधी तेलाचे थेंब येतात. टिश्यूने टिपा आणि मगच लावा. गच्चीखालच्या माळ्यावर, खिडकीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. कपाटाच्या खालच्या खणात, झाकण लावून. फ्रिजमध्येही नको, मेण आक्रसतं आणि काचेपासून सुटतं.

तळाला एक सेंटिमीटर मेण उरलं की मेणबत्ती संपली असं समजायचं. आणखी जाळलं तर वातीखालची पत्र्याची चकती तापून काचेचा तळ तडकू शकतो. उरलेलं मेण काढायला ग्लास कोमट पाण्यात उभा ठेवा, मेण सैल झालं की चमच्याने उचलून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलंत तर ते पाइपात गोठतं आणि प्लंबरला बोलवावं लागतं. मग टिश्यूने पुसून साबणाने धुवा. सुगंधाचा अंश राहतो म्हणून त्या ग्लासात खाण्याचं काही ठेवू नये. निरांजनाच्या वाती ठेवायला तो चालतो.