फॉल-पिकोपासून जुन्या साड्यांपर्यंत : आमची वाटचाल

सांगलीत आमचं दुकान मुळात फॉल-पिको आणि ब्लाउजचं. लग्नसराईत मान वर करायला सवड नाही आणि आषाढ लागला की मशिनं गप्प. त्या रिकाम्या दिवसांत गिऱ्हाइकं आईच्या, सासूच्या साड्या घेऊन यायला लागली. "बोहारणीला द्यायला जीव होत नाही, आणि आता नेसवतही नाही. बघा ताई, काही होतंय का." पिशव्या झाल्या, उशांचे अभ्रे झाले, मग जॅकेटं. आज फॉल-पिको नावापुरतं उरलंय.

आमच्या भागात येतात ते इरकल, गुळेदगुडचे खण, सुती नऊवारी, आणि एखादी पैठणी. प्रत्येक कापड आपापल्या जागी म्हातारं होतं. रेशीम घडीवर चिरतं, काठ-पदर मात्र शाबूत राहतात. सुती नऊवारी बसायच्या जागी विरते, तरी नऊ वारांत धडका भाग पुष्कळ निघतो. म्हणून आधी कापड उजेडावर धरायचं, विरलेल्या जागा खडूने घेरायच्या आणि मगच बेतायचं. गिऱ्हाईक मोबाइलवर जॅकेटचा फोटो दाखवून "असंच हवं" म्हणालं, की आम्ही त्याला तो खडू दाखवतो. विरलेल्या भागाला मागून मलमलचं अस्तर लावून जवळजवळ धावदोरा घातला, की तोही चालतो. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे त्याच बसतात. त्यांना नक्षी छापून दिलेली आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हाताची तिरपी ओळच जास्त खपते.

डागांनी आम्हाला रंगकामाकडे नेलं. हळदीचा डाग उन्हात उडतो, चहाचा हटत नाही. चहात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, हिरड्यातही असतं. मग डाग काढायच्या भानगडीत न पडता अख्खं सुती कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं आणि त्यावर लोखंडाच्या पाण्याने ठसे मारायचे. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात कुजत घातले की ते पाणी तयार होतं; वास मात्र शेजाऱ्यांना सोसावा लागतो. हिरड्यावर ते पडलं की काळपट करडा रंग धरतं आणि चहाचा डाग त्या नक्षीत मिसळून जातो. नंतर कापड खळखळून धुवायचं, लोखंड राहिलं तर धागा कुजतो.

पॉलिएस्टरवर यातलं काहीच चढत नाही. ओळखायला एक धागा काढून जाळायचा. सुती कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. अशा साडीवर आम्ही फक्त खणाच्या तुकड्यांचं कातरकाम आणि उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीची नक्षी करतो.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते दरावर. "कापड तर आमचंच, मग शिलाई एवढी कशी?" नव्या थानातलं कापड अंथरलं की लगेच कातर चालते. जुना कुर्ता आधी उसवायचा, धुवायचा, पारखायचा, जोडायचा. माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, आधीच्या शिंप्याने किती ठेवलं त्यावर पुढचं सगळं. आता आम्ही दोन ओळींचं बिल देतो : तयारी वेगळी, शिलाई वेगळी. घासाघीस निम्म्यावर आली.

पैठणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कातर लावण्याआधी सांगतो. जुन्या साडीतली जरीची तार खऱ्या चांदीची असू शकते, आणि ती जाळून चांदी काढणारे व्यापारी दारोदार फिरतात. तेव्हा आधी ती तार सोनाराकडे तपासून घ्या, तिची किंमत कळू द्या, मग ठरवा. काहीजणी साडी परत नेतात. त्यांना आम्ही फक्त घडी बदलून, सुती कापडात गुंडाळून ठेवायला सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.