उसाच्या हंगामातला गगनबावड्याचा रस्ता

गेल्या हिवाळ्यात दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून महाशिवरात्रीपर्यंत मी जवळजवळ प्रत्येक रविवारी पहाटे कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंत मोटारसायकलने गेलो आणि दुपारच्या आत परत आलो. एका बाजूचे अंतर सुमारे 55 किलोमीटर आहे. पन्हाळा, राधानगरी, आंबा घाट असे कितीतरी रस्ते हाताशी असताना मी हाच एक रस्ता धरला, कारण नोव्हेंबरात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाल्यापासून फड, म्हणजे उसाची शेते, रिकामे होईपर्यंत तो दर आठवड्याला बदलत जातो आणि हा बदल दुचाकीवरून जितका जवळून अनुभवता येतो तितका मोटारीच्या काचेआडून येत नाही.

माझी गाडी 150 सीसीची, जुनी, कार्ब्युरेटरची आहे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. रात्रभर गारठलेले इंजिन ऑइल घट्ट झालेले असते आणि बॅटरीची ताकदही उतरलेली असते, त्यामुळे मी बटण न दाबता किक मारूनच गाडी सुरू करीत असे आणि दोन-तीन मिनिटे तिला संथ चालू ठेवून मगच गल्लीबाहेर पडत असे. टायरमधील हवा मात्र आदल्या संध्याकाळी तपासून चालत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण 1 पीएसआयने कमी होतो. दुपारी उन्हात भरलेली हवा पहाटे कमी भरते, आणि दवाने ओल्या झालेल्या वळणावर पुढचे चाक जड वाटू लागते.

गंगावेशीत दूधकट्ट्याजवळ म्हशी यायला सुरुवात झालेली असे. रंकाळ्याच्या कडेने फुलेवाडीपर्यंत थंडी सोसण्याजोगी वाटे, कारण शहराची ऊब तोवर पाठीशी असते. खरी थंडी बालिंग्याच्या पुलावर, भोगावतीच्या पात्रावर गाठते. हवा 10 अंशांची असेल आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने जात असेल, तर उघड्या कातडीला ती सुमारे 5 अंशांसारखी लागते. पहिल्या दोन रविवारी मी जाड स्वेटर घालून गेलो आणि काकडलो, कारण विणीच्या भोकांतून वारा सरळ आत येतो. नंतर स्वेटरवर वारा अडवणारे साधे जर्किन घातले आणि छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली, जशी आमचे वडील स्कूटरवर ठेवत असत. त्यानंतर अंगाचा प्रश्न सुटला, पण बोटांचा शेवटपर्यंत सुटला नाही. गारठलेल्या बोटांना ब्रेकची दांडी किती दाबली गेली हे नीट कळत नाही, आणि मला हा थंडीचा सर्वांत मोठा धोका वाटतो.

पुलापलीकडे दोनवडे, कोपार्डे, कळे या पट्ट्यात धुके असे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन लवकर निवते, गार हवा जड होऊन नदीकाठच्या सखल भागात साचते, आणि नदीची व पाणी पाजलेल्या उसाची ओल तिला मिळते. त्यामुळे धुके सगळीकडे सारखे नसते. उंचवट्यावर लख्ख चांदणे असते आणि पुढच्या उतारावर दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी दिव्याचा वरचा झोत लावला की प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून खालचाच झोत बरा. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटू नये यासाठी मी ती बोटभर उघडी ठेवी. त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने डोळ्यांत पाणी येई, पण त्याच फटीतून मला बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा ऐकू आल्या, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या घुंगरांनीच मला वाचवले.

कळ्याच्या अलीकडे, एका सखल वळणावर, मी ताशी 40 च्या आसपास होतो. समोर नुसता पांढरा पडदा होता. घुंगरांचा आवाज ऐकून मी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक हलकेच धरला आणि गाडी जवळजवळ थांबलीच होती, तेव्हा माझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर उसाची टोके दिसली. उसाने भरलेली बैलगाडी मी जात होतो त्याच दिशेने, माझ्यापुढे चालली होती. ताशी 60 च्या वेगात दुचाकी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, हा हिशेब मी घरी आल्यावर केला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा पुढचा दिवा गाडी सुरू असेपर्यंत आपोआप लागलेला असतो, मात्र त्याच रस्त्यावर टन-दीड टन ऊस घेऊन जाणाऱ्या गाडीला मागे काजव्याएवढाही उजेड नसतो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम थांबून गाड्या पाहिल्या, तेव्हा दोष केवळ निष्काळजीपणाचा नाही हे ध्यानात आले. बऱ्याच गाड्यांच्या आणि ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर रेडियम चिकटवलेले होते. परंतु ऊस फळीच्या बाहेर दोन-तीन हात लोंबत असल्यामुळे ते पूर्ण झाकले जाते, आणि ट्रॉलीच्या दिव्याची वायर चढ-उतार करताना तुटलेली असते. म्हणजे खूण गाडीला लावून उपयोग नाही, ती उसाला लावली पाहिजे. मी लाल रेडियमचा गुंडाळा आणला, जुन्या ताडपत्रीच्या वीतभर रुंद पट्ट्या कापून त्यांवर तो चिकटवला आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना सुतळी बांधली. ही पट्टी सर्वांत बाहेर आलेल्या मोळीला बांधायची आणि ऊस उतरवताना सोडून घ्यायची, इतके साधे काम होते. दर रविवारी अशा दहा-बारा पट्ट्या माझ्या पिशवीत असत.

रस्त्याकडेच्या माळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, होत्या. पहाटे चुली पेटलेल्या असत, भाकरी थापल्या जात असत, आणि अंधार असतानाच कोयते फडाकडे निघत. तेथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अनोळखी माणूस फुकट काही वाटतो आहे म्हटल्यावर त्यांना आधी संशय आला, आणि तो स्वाभाविकच होता. एका वयस्कर गाडीवानाने पट्टी हातात घेऊन माझ्या दिव्यासमोर धरली, ती पेटल्यासारखी चमकली, तेव्हा तो म्हणाला, “दादा, ही म्हागं बांधतो, पर म्होरनं येनाऱ्याला काय? बैलाच्या शिंगाला पांढरी लावली तर दिसंल का?” मला हे सुचले नव्हते. पुढच्या खेपेला मी पांढऱ्या पट्ट्याही नेल्या, आणि त्याने त्या शिंगांऐवजी जोखडाला बांधल्या, कारण शिंगाला काही बांधले की बैल मान झाडतो, असे त्याने स्वतःच करून पाहिले होते.

ट्रॅक्टरवाल्यांशी बोलणे अवघड गेले. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्याला मागचा हॉर्न ऐकूच येत नाही. त्यांना ओलांडायचे झाल्यास सरळ, स्वच्छ दिसणारा रस्ता मिळेपर्यंत मागेच राहणे हा एकच उपाय मला सापडला, आणि त्यासाठी कधी कधी पाच-सहा किलोमीटर थांबावे लागले.

येताना मी एका गुऱ्हाळावर थांबत असे. गोठलेल्या हातांनी चुलवाणापाशी उभे राहण्याचे सुख मला शब्दांत नीट मांडता येणार नाही. मालक म्हणत, “या की, आधी हात शेकून घ्या, मग रस.” चुलवाणात वाळलेली चिपाडे सारली जात, काहिलीत रस उकळे, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येई आणि ती झाऱ्याने काढली जाई. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मधूनच पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाही. काहील नेमकी केव्हा उतरवायची याचा निर्णय त्याच्या बोटांवर असतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाच्या कागदावर या बोटांविषयी काय लिहिले असेल कोण जाणे, पण ती पाहिल्याशिवाय गूळ कळत नाही असे मला वाटते.

असळज सोडून चढण लागली की धुके खाली राही आणि हवा उलट किंचित उबदार वाटे. मांडुकलीजवळ, जेथे पावसाळ्यात कुंभीचे पाणी रस्त्यावर येऊन वाहतूक थांबते, तेथे हिवाळ्यात नदी मुकाट्याने खालून वाहत असते. गगनबावड्यात करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांकडे रस्ता फुटतो. मी खाली उतरत नसे. गगनगडाच्या पायथ्याशी चहा घेऊन कोकणाकडे पाहत बसे, आणि पूर्वेला मागे वळून पाहिले की आपण ज्यातून आलो ते धुके उन्हात पांढरेशुभ्र पसरलेले दिसे.

परतीचे धोके वेगळे असत. अकरापर्यंत दव सुकलेले असते, पण फडातून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखलाचे गोळे सांडलेले असतात, आणि वळणावर पडलेल्या पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांवर, चाक तेल सांडल्यासारखे घसरते. फडाचे तोंड दिसले की वेग आधीच कमी करायचा आणि पाचटावर ब्रेक लावायचा नाही, ही सवय मी जाणीवपूर्वक लावून घेतली. घरी आल्यावर साखळी पुसून तेल दिले नाही तर त्या चिखलाची दुसऱ्या दिवशी खळ तयार होते.

जानेवारीच्या अखेरीस रस्ता उघडा पडू लागला. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा असल्यामुळे वळण संपेपर्यंत पुढचे काही कळत नव्हते. आता फड तुटत गेले तसे एकेक वळण मोकळे होत गेले, आणि ज्या सखल वळणावर मी बैलगाडीपासून हातभरावर थांबलो होतो, ते मला दोनशे पावलांवरून दिसले. इतके लहान वळण होते ते, आणि शेजारी एक विहीर होती, जी मी तोवर पाहिलीच नव्हती.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी गाडी चोकविना पहिल्या किकेला सुरू झाली. माळावरच्या निम्म्या कोप्या मोडलेल्या होत्या, तीन दगडांच्या चुली तेवढ्या काळ्या उरल्या होत्या. तो वयस्कर गाडीवान मात्र अजून होता. त्यांच्या टोळीचा आणखी चार दिवसांचा ऊस शिल्लक होता. त्याने माझ्या पट्ट्या सुतळीसकट घडी करून परत दिल्या. मी त्या ठेवून घ्या म्हणालो, तेव्हा त्याने दोन ठेवल्या आणि उरलेल्या पुढच्या हंगामाला दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून माझ्या पिशवीत घातल्या. परतताना बालिंग्याच्या पुलावर मला जर्किन काढून मागच्या सीटवर बांधावे लागले. तोडलेल्या फडात खोडव्याचे, म्हणजे जुन्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाचे, कोंब बोटभर वर आले होते.