खिशातली वही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज पणजीत कांपालला जुन्या गाड्यांच्या फेरीत नुसता बघ्या म्हणून उभा होतो. आठ वर्षांत पहिल्यांदाच हातात माईक नाही. हात कुठे ठेवायचे तेच कळेना, शेवटी खिशात घातले.

एक फोन करायला आयोजकांचं काय जात होतं? जाऊ दे.

नवी मुलगी बोलते छान. मराठी, कोंकणी, इंग्रजी, तिन्ही जिभेवर. पण डुक्कर फियाट (पन्नासच्या दशकातली फियाट 1100) आली आणि ती म्हणाली, "वॉव, किती क्यूट!" की लगेच प्रायोजकांची नावं. मालकाने मुद्दाम गाडी थांबवून पुढचं दार उघडून धरलं होतं. आता कोणीतरी सांगेल, की याच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, दार उलटं उघडतं, पुढे पद्मिनी झाली तोवर ते सरळ झालं होतं. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगपाशी. कोणी काही बोललं नाही. त्याने दार ओढून घेतलं आणि गेला. तो 'धप्प' अजून कानात आहे.

राग त्याच्यासाठी आला की माझ्यासाठी, हे काही ठरत नाही.

घरी आल्यावर इंग्लंडमधल्या गुडवुडच्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. 1966 मध्ये बंद पडलेला तो ट्रॅक, 1998 पासून तिथे पुन्हा जुन्या गाड्या पळवतात. सात लिटरची फोर्ड गॅलेक्सी, आणि तिच्या शेपटीला 1275 सीसीची मिनी. आवाज बंद करून पाहिलं: म्हशीमागे कोंबडी धावतेय, एवढंच. आवाज लावला तर तो बाबा सांगतोय, सरळ रस्त्यावर फोर्ड निसटणार, पण धूड जड, वळणाआधी तिला लवकर ब्रेक मारावा लागणार, तिथे बघा. मग जीव पुढच्या वळणात अडकतो. कुठे बघायचं ते सांगणारा माणूस लागतो हो. गाडी काय, डोळ्यांना दिसतेच.

हे लिहिलं आणि हिने गेल्या वर्षी काढलेला व्हिडिओ आठवला. परत पाहिला. मी फोक्सवॅगन बीटलवर बोलतोय. पोर्तुगीज राजवटीत आलेली, मागची काच लंबगोल म्हणजे 1953 ते 1957 मधली, इंजिन मागे, रेडिएटर नाहीच, हवेवर थंड होतं... तोवर मागून तीन गाड्या निघून गेल्या आणि मी अजून काचेवरच. शेवटी हिचा आवाज: "अहो, आवरा आता." (तिन्ही मालकांनी कोणाला शिव्या घातल्या असतील?)

आज शेजारी एक पोरगा बापाच्या खांद्यावर बसला होता. त्याला ऐटीत सांगितलं, ही डुक्कर फियाट.

"डुक्कर कुठे? बेडूक आहे."

पुढून नीट पाहिलं. बेडूकच की! आठ वर्षं छातीठोकपणे डुक्कर म्हणत आलो.

ती माईकवाली मुलगी खरं तर माझ्यापासून दहा पावलांवर होती. मध्ये एकदा पाणी प्यायला थांबली, हातातला कागद उलटसुलट करून बघत होती. त्यावर नुसते नंबर आणि मालकांची नावं असणार, मलाही पहिल्या वर्षी तेवढंच दिलं होतं.

प्रत्येक गाडीला एक पान, अशी माझी वही दुपारभर खिशातच होती. हात घातले होते त्याच खिशात.

आता काढून बघतोय, घामाने पानं चिकटलीत. फियाटचं सोडवताना फाटलं.