पाच सेकंदात २४०

मागच्या वर्षी अबुधाबीला दाजीकडं गेलो होतो, तिथं फेरारी वर्ल्ड या थीम पार्कमधल्या फॉर्म्युला रोसा या रोलर कोस्टरात बसलो. आधी साखळीनं हळूहळू वर न्यायची भानगडच नाही, हायड्रॉलिक प्रेशरवर केबल गाडी ओढते आणि ४.९ सेकंदात ताशी २४०चा स्पीड! त्या स्पीडनं लातूरहून औसा पाचेक मिनिटात, आपल्याकडं तर एवढा वेळ खड्डेच खातात म्हणा. बसायच्या आधी गॉगल देतात, आणि ते लागतातच, वाळूचा कण डोळ्यात गेला तर संपलंच की. सुटल्यावर गाल पार कानाकडं, ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटंना नुसती हवाच आत. ताई गेटपाशीच बसून, "मला नगं बाई, तुम्हीच जा" म्हणायली. दाजी मात्र उतरल्या उतरल्या परत लाईनीत.