आमची वाटचाल: वागळे इस्टेटमधला छज्जा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात कॅमेऱ्याचं काम शिरलं ते एका तुटक्या रिंगमुळे. त्याआधी बाबांचा लेथ वर्षानुवर्षं पॅकिंग मशिनचे बुश, शाफ्ट आणि कॉलर कातत होता. मी डिप्लोमा करून गाळ्यावर बसले तेव्हाही कामं तीच होती आणि उधारीही तीच.

एक दिवस इमारतींचे फोटो काढणारे एक गृहस्थ आले. "मॅडम, अशी एक करून द्याल? बाहेरून मागवायची तर महिनाभर थांबायचं, वर ड्युटी भरायची." फिल्टरची ॲडॅप्टर रिंग होती, ६७ मिमीची, ०.७५ पिचचे आटे, म्हणजे दोन आट्यांत पाऊण मिमीचं अंतर. आमच्या टर्नरकाकांनी ती संध्याकाळपर्यंत कातून दिली. भाव काय लावायचा हेच कळेना, म्हणून तीनशे रुपये घेतले. ते काम तोट्यात गेलं, पण महिन्याभरात त्यांचे तीन दोस्त गाळा शोधत आले.

मग बारा रिंगांची ऑर्डर आली आणि आम्ही तोंडावर आपटलो. आटे तपासायच्या गेजला अगदी बरोबर बसत होते. काळं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर, होऊन माल परत आला आणि एकही रिंग फिरेना. चूक माझीच. २० मायक्रॉनचा थर चढवला, तर त्यातला साधारण अर्धा, म्हणजे १० मायक्रॉन, धातूच्या बाहेर वाढतो आणि ६० अंशांच्या आट्यांत पिच व्यासावर, म्हणजे आट्यांच्या मधोमध मोजलेल्या व्यासावर, त्याचा परिणाम चौपट होतो, म्हणजे ४० मायक्रॉन. हे ड्रॉइंगमध्ये धरायचं असतं. बारा रिंगा भंगारात गेल्या. तेव्हापासून लेन्सला बसणारी रिंग आम्ही पितळेची करतो. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम फिरवलं की कधीतरी ते एकमेकांना धरून बसतं, पितळ तसं सहसा अडकत नाही. महाग पडतं, पण भर शूटिंगमध्ये रिंग अडकलेल्या माणसाचा फोन घेण्यापेक्षा ते परवडतं.

खरी शाळा झाली ती हूडच्या, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या आडोशाच्या, वेळी. गाळ्यावर त्याला सगळे छज्जा म्हणतात, काकांनी पाडलेलं नाव.

टेक्निकल कॅमेऱ्यात लेन्स आणि मागची सेन्सरवाली डिजिटल बॅक एकमेकांच्या तुलनेत सरकवता येतात. उंच टॉवरचा फोटो काढताना कॅमेरा वर वाकवला की भिंती वरच्या टोकाला जवळ येतात. म्हणून कॅमेरा ओळंब्यात ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची. त्यासाठी लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती मागे पाडते ते गोल चित्र, सेन्सरपेक्षा मोठं लागतं. ५३.४ बाय ४० मिमीच्या सेन्सरचा कर्ण जेमतेम ६७ मिमी, तर रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या ३२ मिमी लेन्सचं सर्कल ९० मिमी. उरलेला उजेड कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतींवर आपटून फोटोवर पांढुरका पडदा धरतो. छज्जा लागतो तो हा फालतू उजेड दारातच अडवायला.

आमचा पहिला छज्जा लेन्सला घट्ट बसणारा, चौकोनी, दिसायला देखणा होता. घोडबंदर रोडच्या एका टॉवरचे फोटो घेऊन गिऱ्हाईक परत आलं: वरचे दोन्ही कोपरे कापलेले. मोठ्या ॲपर्चरला, म्हणजे लेन्समधलं भोक मोठं असताना, कोपरे हळूहळू काळवंडतात, तो लेन्सचाच स्वभाव वाटतो. एफ/१६ ला, भोक बारीक केल्यावर, मात्र सुरीने कापल्यासारखी कड दिसते.

लेन्स १५ मिमी वर नेली तर छज्जाही तिच्यावर आणखी १५ मिमी सरकवावा, असं मलाही वाटलं होतं. ते चूक आहे. ॲपर्चरपासून छज्ज्याची कड किती पुढे आहे त्याला फोकल लेंग्थने (लेन्सच्या नावातल्या मिमीने) भागायचं आणि शिफ्टने, म्हणजे लेन्स जितकी सरकवली त्याने, गुणायचं. ३२ मिमीची लेन्स आणि ६४ मिमी पुढे असलेली कड, म्हणजे दुप्पट: छज्जा ३० मिमी वर. त्याचं तोंडही सेन्सरच्या दुप्पट, १०७ बाय ८० मिमी, शिवाय ॲपर्चरच्या भोकाएवढी मोकळीक. आणि माप पुढच्या काचेपासून घ्यायचं नाही, समोरून पाहिल्यावर भोक जिथे दिसतं तिथून घ्यायचं. काकांनी हे गणित खडूने लेथच्या पत्र्यावर लिहिलं आणि डोव्हटेलच्या, म्हणजे तिरक्या खाचेत सरकणाऱ्या, दोन पट्ट्यांवर आडवा-उभा सरकणारा छज्जा केला. आजही आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल तोच.

फिल्टर होल्डर मी १०० मिमीचाच घ्या म्हणते, कारण त्या मापाचे फिल्टर सहज मिळतात. पण रुंद लेन्सवर पुढची जास्तीची खाच काढून टाका, होल्डर जितका पुढे तितके कोपरे धोक्यात. सेंटर फिल्टर, म्हणजे मधे गडद आणि कडेला फिका असलेला, लावणार असाल तर आधी सांगा. ६७ चं मागचं तोंड असलेला सेंटर फिल्टर पुढे ८६ चा असतो, मग रिंगच वेगळी लागते. आणि होल्डर-रिंगच्या फटीत फोमची पट्टी हवीच, नाहीतर मागून आलेला उजेड फिल्टरच्या पाठीवर चमकतो.

छज्ज्याला आतून दागिन्यांच्या डब्यात लावतात तसला मखमली कागद लावायची माझी हौस एका पावसाळ्यात फिटली. गोंद सुटला आणि तंतू थेट काचेवर पडले. आता आतल्या बाजूने बारीक खाचा कातून वर मॅट काळा देतो.

टाळेबंदीत गाळा बंद होता, त्या वेळात ड्रॉइंगं मात्र नीट झाली.

परवा एका तरुणाचा फोन आला: २३ मिमीच्या रोडेनस्टॉकसाठी सरकता छज्जा हवा होता. त्या लेन्सचं सर्कल ७० मिमी. त्याच्या ५३.४ बाय ४० च्या आडव्या सेन्सरवर वर सरकायला जेमतेम अडीच मिमी उरतात. "पैसे वाया घालवू नका," मी म्हटलं, "काळा पुठ्ठा हातात धरा, त्याची सावली पुढच्या काचेवर पडली आणि पुठ्ठा फोटोत आला नाही की झालं." शेजारी उभे काका ऐकत होते. दुपारचा चहा त्यांनी एकट्यानेच घेतला.